तळ्यातल्या देवाचं नाव

सौदामिनी त्या दिवशी जुन्या लुगड्यांचं गाठोडं टाकून लगेच परत फिरणार होती. वडिलांनी तेवढंच काम सांगितलं होतं. पण लातूरच्या गंजातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, त्या कापसाच्या गोदामात तिनं पाऊल टाकलं, समोरची गंमत बघितली, आणि जी थांबली ती थांबलीच.

दारापाशी एक डगमगतं टेबल. टेबलामागं एक लांबडा, सावळा पोरगा. भुवयांवर कापसाचे तंतू, हातात टाक, कपाळावर घाम. आणि त्याच्यापुढं दहा-बारा बायका, पदर नाकापर्यंत ओढून, मुक्या बसलेल्या.

"बाई, यजमानांचं नाव सांगा," तो म्हणाला.

बाई गप्प.

"अहो, मी मघापासनं विचारून राहिलो... नावाशिवाय माणूस हुडकायचा कसा?"

"बंड्याचा बाप," बाई पदराआडून पुटपुटली.

"या गोदामात चार बंड्या हायेत!" त्यानं टाक खाली ठेवला. "चौघांचे बाप बंड्याचेच बाप!"

सौदामिनीला हसू फुटलं. दाबायला गेली तसं जास्तच फुटलं.

त्यानं वर बघितलं. "हसायला काय झालं? लई सोपं वाटतंय, तर बसा इथं आणि तुम्हीच विचारा."

"बसते की!" म्हणाली आणि खरंच बसली. बाईजवळ सरकली, तिच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजली. बाई लाजली, तिनं शेजारणीला कोपरानं डिवचलं, शेजारणीनं नाव सांगून टाकलं. सौदामिनी त्याच्याकडं वळून म्हणाली, "लिहा. तुकाराम. आणि टाक आपटू नका, शाई उडते."

अठ्ठेचाळीस सालचा चैत्र होता. राज्य निजामाचं, पण कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. निलंगा, औसा, उदगीरकडच्या खेड्यांवर रझाकारांच्या धाडी पडत होत्या. माणसं हाताला लागेल ते उचलायची आणि लातूरची वाट धरायची. चंद्रप्पा अडत्यांनी आपलं गोदाम रिकामं करून दिलं आणि चंद्रप्रभाबाई नावाच्या शाळामास्तरीण बाईंनी तिथं आधार केंद्र उघडलं. शाळा-कॉलेजं बंद पडलेली, म्हणून राबायला सगळे विद्यार्थीच होते. हा लांबडा पोरगा म्हणजे रेणुकादास, नांदेडच्या बापूसाहेबांचा मुलगा. हैदराबादेला इंटरला होता, कॉलेज सुटलं तसा लातूरला मामाकडं येऊन राहिलेला.

निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीला असंच दुसरं केंद्र होतं. पळापळीत चुकलेल्या माणसांची नावं कागदावर लिहायची, कागद अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं बार्शीला जायचा, तिथं अंगणात नावं पुकारायची आणि उत्तर परत यायचं. बाईमाणसाचं नाव चारचौघांत पुकारायचं नाही, असं दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलेलं. म्हणून कागदावर फक्त पुरुषाचं नाव आणि गाव. आता बघा, सगळी भिस्त त्या एका नावावर, आणि तेच नाव बायका काही केल्या तोंडावाटे काढेनात! नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्या मानायच्या. आधीच तो कुठं असेल कुणास ठाऊक, त्यात आपण आणखी त्याच्या जिवावर उठायचं?

चंद्रप्रभाबाईंनी तो तुकाराम लिहिला गेलेला पाहिला आणि हुकूम सोडला. "सौदामिनी, उद्यापासनं रोज यायचं. तू विचारायचं, रेणुकादासनं लिहायचं. वसंतराव वकिलांना मी सांगते."

वसंतराव म्हणजे सौदामिनीचे वडील. एकुलत्या एका मुलीपुढं त्यांची वकिली कधी चालली नव्हती, ती आता कुठून चालणार?

मग रोजचंच झालं. ती विचारायची, तो लिहायचा. बायका नाव सांगायच्या नाहीत, पण खूण सांगायच्या. "जेजुरीच्या देवाचं", "रामाच्या धाकट्या भावाचं", "श्रावणात जन्मला त्याचं"... सौदामिनी झटक्यात ओळखायची. खंडू. लक्ष्मण. कृष्णा. बरोबर आलं की बाई मान खाली घालायची, पदर पुढं ओढायची. तीच तिची सही.

"तुमचं नाव कुणी ठेवलं हो?" एकदा तिनं विचारलं.

"आईनं. पाच पोरींवर झालो. माहूरच्या देवीला नवस केला होता."

"तरीच एवढे लाडावलेले."

"लाडावलेला? सकाळपासनं पोटात पाण्याशिवाय काही न्हाई!"

दुसऱ्या दिवशी टेबलावर फडक्यात बांधलेले धपाटे आले. कुणी ठेवले ते ती बोलली नाही, त्यानंही विचारलं नाही. दोन खाल्ले आणि म्हणाला, "मीठ कमी हाय."

"मग द्या परत."

"कमी हाय म्हणलो... नको म्हणलो न्हाई."

ती वहीत डोकं घालून बसली, पण कान लाल झाले ते झालेच. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं, गोदामात पोरं रडत होती, चुलीवर पिठलं रटरटत होतं. असल्या ठिकाणी मनात काय सुरू झालंय, हे कळून तिला स्वतःचीच शरम वाटायची. लोकांचे संसार उधळलेत आणि मी इथं... पण मन का कुणाचं ऐकतं?

वैशाखातल्या एका दुपारी तो लिहिता लिहिता थांबला. "तुमच्या केसांत..." म्हणाला. कापसाचा तंतू होता. काढायला त्यानं हात पुढं केला, अर्ध्यावर आणला, आणि तिथंच थांबला. चारचौघं बघत होती. हात मागं गेला. दोघं एकमेकांकडं बघतच राहिली.

त्याच घडीला गोदावरी पुढं येऊन बसली.

विशीच्या आतबाहेरची असेल. निलंग्याच्या अंगाच्या शेंदगावची. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. पहाटं गावावर धाड पडली तशी बायकांच्या गाडीत बसून ती पुढं निघाली होती; नवरा आणि सासरा बैलं सोडायला मागं थांबले, ते मागंच राहिले. गाडीवान तिला इथं सोडून गेला. तिच्या गावचं दुसरं कुणी गोदामात नव्हतं.

"मालकांची खूण सांगा," सौदामिनी म्हणाली. पण डोळ्यांपुढं अजून तो अर्ध्यावरचा हात होता.

"तळ्यातल्या देवाचं नाव हाय त्येंचं."

"महादेवाचं? महादेवप्पा?"

गोदावरीनं मान एकदम खाली घातली आणि पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

"लिहा," सौदामिनी त्याला म्हणाली. "महादेवप्पा, शेंदगाव."

त्यानं लिहिलं. कागद संध्याकाळच्या गाडीनं गेला.

नवव्या दिवशी बार्शीहून उत्तर आलं. रेणुकादासनं ते वाचलं आणि न बोलता तिच्यापुढं सरकवलं. नावापुढं तीनच शब्द होते. 'वाटेतच मयत झाले.'

सौदामिनी ते वाचून उठलीच. गोदामाच्या पलीकडच्या कोपऱ्यात गोदावरी दुसऱ्या कुणाचं पोर मांडीवर घेऊन थापटत होती. कपाळाला हे मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या.

"मी सांगू का?" त्यानं हळूच विचारलं. "तुम्ही नका जाऊ."

"नको. विचारलं मी, सांगायचंही मीच."

पण चंद्रप्रभाबाईंनी दोघांना अडवलं. "डोकं फिरलंय का तुमचं? आज-उद्या बाळंत होईल पोर. बाळाचे बारा दिवस होऊ द्या. तोवर या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

दुसऱ्याच दुपारी गोदावरीच्या पोटात कळा सुरू झाल्या. लातूरच्या जुन्या सुईण अख्तरीबी पळत आल्या. गंजात कुणाचंही बाळंतपण असो, अख्तरीबीच लागायच्या. लुगड्यांचा आडपडदा बांधला. सौदामिनी गरम पाणी घेऊन उभी होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागलेली.

"ए बेटी," अख्तरीबी तिच्यावर खेकसल्या, "कळा तिला आणि रडून तू राहिली? रडाया जिंदगी पडलीय. पाणी आण हिकडं!"

मुलगा झाला. गोदावरीनं पोराचं तोंड बघितलं आणि दमलेली असूनही हसली. "नाक बापाचं घेतलंन् बगा," म्हणाली. सौदामिनीला तिथं उभं राहवेना. बाहेर आली तर रेणुकादास दाराशी उभा. तो नुसता तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्या बारा दिवसांत दोघांची थट्टामस्करी सगळी बंद झाली. आडबाजूला दोन शब्द बोलायची, तेही गोदावरीबद्दल. "आज जेवली का?" "जेवली. पोराला कुंची शिवायला घेतलीय... ते आले की दाखवायची म्हणते." ओझं दोघांनी मिळून उचललं होतं, आणि त्यानंच दोघं जास्त जवळ आली होती.

तेरावा दिवस उजाडला. सौदामिनी गोदावरीपाशी जाऊन बसली. रेणुकादास खांबापाशी थांबला. अख्तरीबींनी पोराला आपल्याकडं घेतलं.

"गोदावरी... मन घट्ट कर, बाई. बार्शीहून निरोप आलाय. महादेवप्पा... वाटेतच गेले."

गोदावरीनं झटकन पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि हंबरडा फोडला. "मामंजी! माझे मामंजी... लेकीवानी बघत होते मला! कंदी डोळा वर करून बोलले न्हाईत..."

रडली, पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसलं आणि सौदामिनीचा हात धरून म्हणाली, "आन् ह्येंचं काय कळलं, ताई? दोगं संगंच होते की."

सौदामिनीला आत्ता उमगलं. महादेवप्पा म्हणजे सासरा! सासऱ्याचं नाव कानावर पडलं म्हणून त्या दिवशी गोदावरीनं पदर ओढला होता. सुनेनं ओढायचाच असतो. आणि सौदामिनीनं त्याला होकार समजून नाव लिहायला लावलं होतं.

"तळ्यातला देव..." सौदामिनीनं विचारलं. "कुठल्या तळ्यातला, गोदावरी?"

"सोलापूरचा की वो, ताई! दुसरा कुटला आसतोय?"

सोलापूरच्या तळ्यात सिद्धरामेश्वर. सिद्रामप्पा! शेंबडं पोर सांगेल. सिद्रामप्पा शेंदगावकर हे नाव बार्शीच्या अंगणात एकदाही पुकारलं गेलं नव्हतं. तिथं पुकारलं ते त्याच्या मेलेल्या बापाचं, आणि बाप वाटेत वारला हे सांगणारं बहुधा गावचंच दुसरं कुणी होतं. बायको लातुरात आहे हे त्याला कळणार तरी कुठून? आज या गोष्टीला बावीस दिवस होऊन गेले होते. आता तो बार्शीत असेल की पोटामागं आणखी कुठं गेला असेल?

चंद्रप्रभाबाईंपुढं दोघं उभी राहिली. "वहीत अक्षर माझं हाय," रेणुकादास म्हणाला. "चूक माझी."

"अक्षर तुमचं, नाव माझं!" सौदामिनी तडकली. "उगीच मोठेपणा घेऊ नका."

"भांडायला सवड आहे का?" बाई करवादल्या. "नवा कागद धाडावा, तर चार दिवस झाले गाडीचे कागद पोलीस काढून घेतायत. माणूस जायला पाहिजे. कोण जातं?"

"मी जातो."

बोलायला सोपं होतं. त्या दिवसांत वीस-बावीस वर्षांचा पोरगा गाडीत दिसला की पोलीस त्याला हद्दीवरच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पातला समजून उतरवून घेत. उतरवलेले दोघे अजून घरी परतले नव्हते. म्हणून हद्दीजवळच्या येडशी स्टेशनाच्या अलीकडं उतरायचं आणि रानारानातनं चालत हद्द ओलांडायची, असं ठरलं. सौदामिनी ऐकत होती. आपल्या चुकीपायी हा माणूस उद्या जाणार, आणि परत येईल की नाही...

सकाळी तो खांद्याला पिशवी लावून गोदामामागच्या लिंबाखाली उभा होता. ती धावत आली. धपाट्यांचं फडकं त्याच्या हातात दिलं.

"मीठ बरोबर हाय का?" त्यानं हसायचा प्रयत्न केला.

"थट्टा नका करू. मला काही सांगायचंय. ऐका... आणि मधे बोलू नका, नाहीतर माझ्यानं होणार नाही." तिनं डोळे मिटले, उघडले. "मी दोनशे बायकांना विचारलं. एकदाही चुकले नाही. गोदावरीच्या वेळीच का चुकले, माहीत आहे? कुठलं तळं, एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. कारण... कारण माझं लक्ष तिच्याकडं नव्हतंच. तुमच्याकडं होतं."

पिशवीचा पट्टा त्यानं मुठीत आवळला. ओठ हलले... आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी अख्तरीबी दिसल्या, हातवारे करत, "चल बाबा, गाडी सुटून राहिली!" तो वळला. दोन पावलं गेला, थांबला, मागं बघितलं. पण बोलला नाही. तसाच गेला.

सौदामिनी लिंबाखाली उभी. काय करून बसले मी? जिवावरच्या कामाला निघालेल्या माणसाला हे सांगायचं? आणि त्यानं एक शब्द बोलू नये? रागही आला, रडूही आलं. मग तोंड धुऊन ती टेबलापाशी जाऊन बसली. त्या दिवसापासनं ती दोन्ही कामं करू लागली, विचारायचंही आणि लिहायचंही. प्रत्येक नाव बाईच्या शेजारणीकडून तीन-तीनदा पारखून घ्यायची. बायका कंटाळायच्या, ही सोडायची नाही.

गोदावरी रोज विचारायची, "काय खबर, ताई?" चूक कुणाची ते सौदामिनीनं तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. गोदावरी तिच्यावर रागावली नाही, एका शब्दानं बोलली नाही, आणि त्यानंच सौदामिनीला जास्त लागलं. आठ दिवस गेले, दहा गेले. येडशीजवळ पोलिसांनी गोळी झाडली, अशी बातमी गंजात आली. कुणावर झाडली, कुणाला लागली, कुणालाच माहीत नव्हतं. सौदामिनी ताट तसंच ठेवून उठायची. वसंतराव विचारायचे, "बरं नाही का, बाळ?" ती म्हणायची, "ऊन बाधलंय."

पंधराव्या दिवशी दुपारी गोदामाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, धोतर मळकं, डोळ्यांत नुसती धास्ती. आत यायचा धीर होईना त्याला. कोपऱ्यातनं गोदावरीनं बघितलं आणि ती ताडकन उठली. हाक नाही, धावणं नाही. चारचौघांत कसली हाक मारते बिचारी! पदर डोक्यावर घेतला, पोराला उचललं, चालत चालत त्याच्यापर्यंत गेली आणि पोर त्याच्या हातांत ठेवलं. तो सहा फुटी गडी मटकन खाली बसला आणि पोराला छातीशी धरून रडायला लागला.

गोदामातल्या सगळ्या बायका रडल्या. अख्तरीबी तर सगळ्यांत मोठ्यानं.

सौदामिनी पुढं झाली. पण तिच्या आधी अख्तरीबींनीच विचारलं, "आमचा पोरगा कुठंय रे?"

"हाय की, आजी. बार्शीतच हाय," सिद्रामप्पा डोळे पुसत म्हणाला. "लई जिद्दीचा गडी! बार्शीतनं मी कवाच गेलतो. त्येनं सोलापूरच्या गिरण्या येक येक करून पालथ्या घातल्या, आन् मला हुडकून काडलं. मला गाडीत बशिवलं. पर त्येला हिकडं येता येत न्हाई. जाताना रानात पोलिसांनी बगितलं त्येला, पायाला गोळी चाटून गेली. आता नाव-निशाणी घेऊन बसलेत म्हणं येडशीला. हद्दीच्या आत आला की धरतेत."

सौदामिनीनं टेबलाची कड धरली. जिवंत आहे. पाय बरा आहे ना? चालतो ना? विचारलं, तर सिद्रामप्पा म्हणाला, "चालतोय की, लंगडत. ताई, सौदामिनीबाई तुमीच का?"

"मीच."

"त्येंचा निरोप हाय. कागुद द्याया भ्यालो, वाटंत झडती घेतेत. तोंडीच सांगितलंय, आन् धा येळा माझ्याकडनं म्हणून घेतलंय." तो आठवत थांबला. "म्हणले, 'त्या बाईंना सांगा... लिंबाखाली त्या बोलल्या, तसंच माझं बी झालं होतं. पहिल्या दिवसापासनं. गाडीची घाई होती म्हणून न्हाई, तोंडातनं शब्द फुटंना म्हणून बोललो न्हाई.' काय झालं हुतं ते काय मला समजलं न्हाई, ताई. जसं सांगितलं तसं सांगितलं."

गोदावरीनं सौदामिनीच्या तोंडाकडं बघितलं, आणि तिला सगळं समजलं. तिनं आपलं पोर नवऱ्याकडनं घेतलं आणि सौदामिनीच्या हातात दिलं. कुणी काही विचारायच्या आत सौदामिनी पोराच्या कुंचीत तोंड लपवून रडली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वसंतराव ओसरीवर अशिलाचे कागद चाळत बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा, तुम्हाला नांदेडला जायचंय. बापूसाहेबांना भेटायला."

"कोण बापूसाहेब?"

"रेणुकादासांचे वडील."

वसंतरावांनी कागद खाली ठेवले. चष्मा काढला.

"तो तिकडं बार्शीत अडकलाय असं गंजात ऐकलं, पोरी. दिवस हे असे. कधी येईल, येईल की नाही, कुणी सांगावं?"

"थांबेन मी."

"आणि त्याला विचारलंस का?"

"विचारलं होतं," सौदामिनी म्हणाली. "उत्तर आज आलं, बाबा."